पेटीतला घरमालक

आईच्या हातून तिसरी बांगडी वाढली तेव्हा मी दुकानातच होते. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होते.

वाढली म्हणजे फुटली. पण आम्ही कासार. काचेच्या बांगडीला ‘फुटली’ म्हणायचं नाही. समोर सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायला दीपाली वहिनी बसलेल्या असतील, तर मनातसुद्धा नाही. आईने त्यांचा पंजा उजव्या हातात घेऊन अंगठा आत दुमडला होता आणि डाव्या हाताने ती एकेक बांगडी सरकवत होती. दहा झाल्या. अकराव्या बांगडीला उजवा हात अडकला. सैल पडला नाही, उलट दाबतच राहिला. पापणी लवते ना, जेमतेम तेवढा वेळ. कट् असा आवाज आला आणि वहिनींच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

“अगं बाई, वाढली गं,” आई म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

“वृषाली, पोटुशी बाई आहे,” वहिनींच्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “तुझ्या हातात गुण होता म्हणून लांबून आलो. पण हा मशीनचा हात... जाऊ दे.”

चुडा भरून झाला की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते, ही रीत. दीपाली वहिनी दहा बांगड्यांवर उठल्या आणि नमस्कार न करता गेल्या. आई काचा वेचत बसली. मी दप्तरातून वही काढून लिहिलं: मंगळवार, संध्याकाळी ५.५२. प्रसंग तिसरा.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘कौमुदी रासने, नववी ब, तपास अधिकारी.’ हसू नका. मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या संगणक स्पर्धेत मी पहिली आले होते आणि तेव्हापासून जगात मला न सुटणारं कोडं नाही, अशी माझी खात्री झाली होती.

आईचा उजवा हात तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात कोपराखाली गेला. मागच्या वर्षी, २०३७च्या दिवाळीत, पुण्याच्या ‘नवहस्त’ केंद्राने तिला नवा हात दिला. कोपराजवळचे स्नायू हलले की त्यांच्यात बारीक वीज खेळते. ती मोजायची, आईला काय करायचंय ते ओळखायचं आणि बोटांतल्या मोटरींना हुकूम द्यायचा. हे सगळं करते तिच्या कमरेला लावलेली, पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी पेटी. पेटीत लिनक्स चालतं, आणि तेही रिअल-टाइम.

रिअल-टाइम म्हणजे सुपरफास्ट, असं आमच्या अख्ख्या वर्गाला वाटतं. साफ चूक! रिअल-टाइम म्हणजे उशीर न करणारं. आमच्या शाळेत घंटा देणारे तुकाराम मामा काही धावत येत नाहीत, पण दहा पस्तीसची घंटा दहा पस्तीसलाच होते. पेटीनेही तसंच वचन दिलंय: दर मिलिसेकंदाला एक नवा हुकूम, सेकंदात हजार. हुकूम यायला उशीर झाला तर हात बिचारा जुनाच हुकूम पाळत बसतो. जुना हुकूम ‘दाब’ असेल तर दाबतच राहतो. आणि खाली काच असते.

आम्ही नवहस्तला तक्रार केली होती. त्यांचं उत्तर आलं होतं: ‘पेटीतल्या नोंदी स्वच्छ आहेत. सरासरी उशीर नगण्य आहे. दोष वापरकर्त्याच्या मानसिक ताणाचा असावा. १४ तारखेला अंतिम चाचणी होईल. हात जुळत नसल्याचं दिसल्यास तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या व्यक्तीला देण्यात येईल.’

सरासरी म्हणे! आमच्या वर्गातली मृण्मयी वर्षभर रोज हजर असते, फक्त गॅदरिंगच्या दिवशी आली नाही. नाटकात ती राणी होती. सरासरी हजेरी नव्व्याण्णव टक्के, पण नाटक पडलं ते पडलंच.

माझा पहिला संशय अर्थातच नवहस्तवर होता. फुकट हात कोण देतं? नक्कीच पेटी आईचं काहीतरी चोरून पाठवत असणार, आणि पाठवताना हाताकडे दुर्लक्ष करत असणार. लिनक्सचं बरं असतं, ते मोकळं असतं. त्यातून आता कायदाच आहे, की शरीराला लावलेल्या यंत्राच्या आत काय चाललंय ते पेशंटला बघता आलं पाहिजे. मी पेटी माझ्या टॅबला जोडली आणि तिच्यात एक छोटा प्रोग्राम सोडला. तो म्हणतो, “मी झोपतो, मला बरोब्बर एक मिलिसेकंदाने उठवा,” आणि उठला की घड्याळ बघतो. किती उशिरा उठवलं, त्याची रेघ टॅबवर उमटते. मग मी पेटीचं वायफाय बंद केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गर्दी असताना टॅबवरची सपाट रेघ एकदम ताडासारखी उभी राहिली. दोनशे त्र्याऐंशी मिलिसेकंद! आईच्या हातातला बांगड्यांचा तोडा पडला. (त्यातल्या चार वाढल्या. प्रसंग चौथा.)

म्हणजे वायफाय निर्दोष. मग कोण? लिनक्समध्ये एक पाळत ठेवणारी सोय असते. कोणत्या क्षणी कोणतं काम चालू होतं, त्याची ती नोंद करते. मी मोठ्या उत्साहाने ५ वाजून ४१ मिनिटांची नोंद उघडली. एक काम संपलं, असं दिसत होतं. पुढचं काम दोनशे त्र्याऐंशी मिलिसेकंदांनी सुरू झालं होतं. मध्ये काही नव्हतं. चोराचा चेहरा सोडा, पायाचा ठसाही नव्हता.

मग मी वहीतले सगळे प्रसंग एका पानावर मांडले, आणि मला ते पान फाडून टाकावंसं वाटलं.

सकाळी आई माझी वेणी घालते. तिपेडी, घट्ट, त्याच हाताने. तेव्हा हात एकदाही अडकला नव्हता. पुण्याला केंद्रात बहात्तर तास चाचणी झाली, तिथेही एकदाही नाही. अडकायचा तो फक्त दुकानात, गिऱ्हाइकं समोर असताना, तास-दीड तास झाल्यावर. म्हणजे आई दमल्यावर. किंवा घाबरल्यावर. किंवा...

त्या ‘किंवा’ने मला गुरुवारी गाठलं. मी शाळेतून आले तेव्हा मालन आत्या आली होती. चपला काढता काढता मला आतलं बोलणं ऐकू आलं.

“तू स्वतःचं काय ठरवलंयस, वृषाली?” आत्या विचारत होती.

“खरं सांगू, वन्सं? कधी कधी वाटतं, देऊन टाकावा परत. नकोच तो हात.”

मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले. आईला हात नको होता? मग तीच तर... मी आत न जाता पायरीवर बसले आणि वहीत लिहिलं: ‘संशयित क्रमांक दोन: आई?’ प्रश्नचिन्ह काढलं. मग ते जरा मोठं केलं.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. मी सापळा रचला.

“आई, माझ्या हातात भर ना बांगड्या. गंमत म्हणून.”

“तुला? परवापर्यंत तर बांगड्या म्हणजे जुनाट वाटत होत्या,” आई हसली. तिने सव्वादोनच्या मापाच्या निळ्या बांगड्या काढल्या, माझा पंजा हातात घेतला, आणि एकामागून एक चोवीस बांगड्या अशा सरकवल्या की मला कळलंसुद्धा नाही. वीस मिनिटांत एकही वाढली नाही. टॅबवरची रेघ झोपल्यासारखी सपाट होती. मी मान खाली घालून वहीत लिहायला लागले.

“काय लिहितेस एवढं?”

“अभ्यास आहे.”

“बांगड्यांचा?” तिने वही ओढून घेतली. त्याच हाताने. आणि नेमकं तेच पान उघडलं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “कुमे, माझ्यावर पाळत?”

“हातावर ठेवली होती. तुझ्यावर नाही.”

“इथे ‘आई’ लिहिलंय.” तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. “सगळं कराड म्हणतंय, वृषालीच्या मनात भीती बसलीय. नवहस्तवालेही तेच म्हणतात. म्हटलं, घरात तरी एक माणूस आहे आपल्या बाजूचं.”

ती आत गेली. बांगड्या माझ्याच हातात राहिल्या. चोवीस. हलले की वाजायच्या, म्हणून मी हललेच नाही.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, पण पेटी लावायला नाही म्हणाली नाही. मला आता एकच उपाय दिसत होता. लिनक्सवर एक हट्टी चाचणी असते. ती पेटीच्या डोक्याचा एक कोपरा ताब्यात घेते, कुणालाही मध्ये बोलायची बंदी घालते आणि नुसती घड्याळाकडे टक लावून बसते. आता मध्ये कुणी येऊच शकत नाही. तरीही घड्याळाने उडी मारली, तर वेळ चोरणारा लिनक्सच्या आतला नाही, त्याच्याही खालचा आहे.

संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी घड्याळाने उडी मारली. दोनशे त्र्याऐंशी.

मी दुकानात सगळ्यांसमोर टुणकन उडी मारली. आई नव्हती! आई नव्हती! स्नायूंचा आणि त्या उडीचा काही संबंधच नव्हता.

हा ‘खालचा’ कोण, ते असं. लिनक्सला वाटतं, पेटी आपली आहे. पण ते भाडेकरू आहे. पेटी बनवतानाच तिच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. तो घरमालक. त्याच्याकडे दुसरी किल्ली असते. त्याला वाटेल तेव्हा तो आत येतो, भाडेकरूला बेशुद्ध करतो, आपलं काम उरकतो आणि जातो. भाडेकरू उठतो आणि काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागतो. फक्त भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलेलं असतं. म्हणून नोंदी स्वच्छ! बेशुद्ध पडलेला माणूस कसली नोंद ठेवणार?

आणि घरमालक कोणाचा? नवहस्तचा. माझा संशय दुप्पट होऊन परत आला. मी चौदा पानांचा अहवाल लिहिला. शीर्षक: ‘तुम्ही काय लपवताय?’

चौदा तारखेला विजेच्या एसटीने आई आणि मी पुण्याला गेलो. वाटेत मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं, “बरं” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

चाचणीचे प्रमुख नेर्लेकर सर उंच, शांत आणि थकलेले होते. त्यांनी माझा अहवाल उभ्याउभ्या, पण सगळा वाचला.

“कौमुदी, हे काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “खालचा प्रोग्राम असतो, खरंय. पण तो आमच्या बहात्तर तासांत एकदाही उठला नाही. हीच पेटी, हाच हात. तुमच्या घरीच का उठतो?”

“ते तुम्ही सांगायचं. लपवलंय तुम्ही.”

“कुमू!” आई म्हणाली.

“असू दे,” सर म्हणाले. “चला, सुरू करू. मेघा, पेटी घे.”

मेघाताईंनी आईच्या कमरेची पेटी सोडवली. तिच्यावरचं जांभळं झबलं अलगद उतरवलं, छान चौकोनी घडी घातली आणि ट्रेमध्ये ठेवलं. “प्रत्येक वेळी बघते मी, किती गोड विणलंय,” त्या म्हणाल्या.

तीन तास चाचणी चालली. एका रबरी मनगटावर आई काचेच्या बांगड्या चढवत होती आणि उतरवत होती. दोनशे दहा बांगड्या. भिंतीवरच्या पडद्यावर रेघ सपाट. माझा हट्टी प्रोग्रामसुद्धा गप्प. नेर्लेकर सरांनी एक फॉर्म पुढे ओढला. त्यावर दोन चौकटी होत्या, ‘यंत्र सदोष’ आणि ‘वापरकर्ता अननुरूप’. पेन दुसऱ्या चौकटीकडे गेलं. आई आपल्या हाताकडे बघत होती. परक्याच्या घरी द्यायच्या मुलीकडे बघावं तशी.

मी कुठेतरी बघायचं म्हणून ट्रेकडे बघितलं.

आमच्या घरात उघडी वस्तू नसते. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा फ्रॉक. ज्या वस्तूवर जीव, तिला आधी झबलं. दिवाळीत पेटी घरी आली तेव्हा मी शाळेच्या कार्यानुभवातली जांभळी लोकर घेऊन आठवडाभर विणत होते. दुहेरी धाग्याने, घट्ट, एक भोक राहू न देता. वर पिवळ्या लोकरीत ‘आई’. ते झबलं आईने त्या दिवसापासून काढलेलं नव्हतं. सकाळी पेटी गार असते. पुण्यात उघडी असते. दुकानात झबल्यात असते, वरून पदर खोचलेला, तास-दीड तास.

नवहस्तच्या कागदावर सहावा नियम होता: पेटी झाकू नये. आम्ही तो वाचून सही केली होती. झबलं घालणं म्हणजे झाकणं, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गप्प बसले, तर दोष आईचा ठरत होता. बोलले, तर नियम आम्ही मोडलेला, हात तसाही जाणार, आणि चोर मी. चौदा पानं लिहून जगावर संशय घेणारी तपास अधिकारी.

“सर,” मी म्हणाले. आवाज उंदरासारखा निघाला. “ते झबलं परत घाला. आणि पेटीतल्या चिपच्या तापमानाची रेघ लावा. आणि... दीड तास थांबा.”

“नियम सहा,” सर हळूच म्हणाले. त्यांना एका क्षणात कळलं होतं.

“हो. मीच विणलंय ते.”

आईने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच झबलं उचलून पेटीला घातलं आणि वरून पदर खोचला. “लावा मशीन,” ती म्हणाली.

पंचेचाळीस अंश. बावन्न. अठ्ठावन्न. आई बांगड्या चढवत होती. चौसष्ट. मेघाताई चहा विसरल्या. एकाहत्तर अंशांवर उशिराची रेघ ताडकन छताला गेली, आणि रबरी मनगटावरची हिरवी बांगडी कट् करून तुटली.

“वाढली!” आई म्हणाली आणि चक्क हसली.

नेर्लेकर सर पडद्यासमोर उभे राहिले. “एकाहत्तरला तो उठतो,” ते स्वतःशीच बोलत होते. “जळू नये म्हणून एकेक सेन्सर तपासतो, सगळ्यात हळू तारेवरून. आणि तेवढा वेळ सगळं बंद. आम्ही पेटी कधी एवढी तापूच दिली नाही.” मग ते वळले. “वृषालीताई, पण पेटी झाकायची नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं.”

“लिहिलं होतं, साहेब. आमची चूक आहे,” आई म्हणाली. “पण तीन महिने तुम्ही लिहिताय की चूक माझ्या मनात आहे. तुमची पेटी तापत होती, तिने तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. आणि तुमच्या ताईंनी प्रत्येक वेळी झबलं काढलं, घडी घातली, गोड आहे म्हणाल्या. हे कशाला घातलंय, हे दिवसभर राहतं का, असं एकदा तरी विचारलंत?”

सरांनी पेन उचललं, पहिल्या चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं: ‘खालचा प्रोग्राम न सांगता वेळ घेतो. तातडीने दुरुस्ती.’ मग मेघाताईंना म्हणाले, “सगळ्यांना फोन लावा. दोनशे अकरा जण आहेत. फक्त एवढंच विचारा, पेटी ठेवता कशात?”

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. रेग्झिनच्या पाऊचमध्ये. स्वेटरच्या आत. एक आजोबा मखमली पिशवीत ठेवत होते, कारण पेटीवर जपमाळही राहायची. एकूण त्रेसष्ट जण. त्रेसष्ट जणांना ‘मानसिक ताण’ होता.

आता पेटीवर तापमानाचा दिवा आहे. घरमालकाला यायचं असेल तर त्याने आधी दार वाजवायचं, आणि दार वाजलं की हात आपोआप सैल पडतो. दीपाली वहिनी परत आल्या नाहीत. त्यांनी चुडा साताऱ्यात भरला, असं ऐकलं. बाकीच्या हळूहळू येतायत. झबलं मी उसवलं.

परवा सकाळी आई माझी वेणी घालत होती. टॅब समोर होता. सवय, दुसरं काय. तिसरा पेड वळवता वळवता हात थांबला. मी टॅबकडे बघितलं. तापमान एकतीस. रेघ सपाट, केसाएवढाही उंचवटा नाही.

म्हणजे हात थांबला नव्हता. आई थांबली होती.

“वन्संना मी म्हणाले होते, हात परत द्यावासा वाटतो,” ती मागून म्हणाली. “तू ऐकलंस ना पायरीवर?”

वेणी तिच्या हातात होती. मला वळता येत नव्हतं. “हो.”

“का वाटत होतं, ते विचारलं नाहीस.”

“का वाटत होतं?”

“दिवाळीपासून तू हाताकडेच बघत होतीस, कुमे. माझ्याकडे बघायचीच नाहीस.”

मी हात पुढे करून टॅब पालथा घातला. तरी बराच वेळ ती तशीच थांबून राहिली. किती मिलिसेकंद, ते मी मोजलं नाही. मग पेड पुन्हा वळायला लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट.

“आई गं! दुखतंय!”

“दुखू दे,” आई म्हणाली. “हा हुकूम माझा आहे.”